आधी कोरडा हात

बुधीबाय, तुला माती देऊन आज पाच दिवस झाले, आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे. मीही लिहीन, पण आधी भांडून घेते, कारण गोड बोलायची सवय आपल्या दोघींनाही नव्हती. मधली दोन वर्षं सोडली तर इतकी वर्षं आपण दुसरं केलं तरी काय? तू डोंगरावरच्या वाडीतून उतरायचीस, माझ्या उपकेंद्राच्या ओट्यावर पाय पसरून बसायचीस आणि कनवटीची मिश्रीची डबी काढायचीस. मी आतून ओरडायचे, "बुधीबाय, इथे नाही हां!" तू मान न वळवता म्हणायचीस, "ओटा सरकारचा हाय, तुझ्या बापाचा नाय." वर मलाच विचारायचीस, चहा टाकलायस का.

मी सरकारी नर्स आणि तू पोट चोळणारी. शेणव्याहून बदली होऊन मी धसईच्या पुढच्या त्या गावात आले, तेव्हा आसपासच्या सगळ्या वाड्यांमधली पोरं तुझ्या हाताखालून गेलेली होती. पोर रडलं, दूध टाकलं, पोट फुगलं, की आधी बुधीबाय. तू मोहाचं तेल कोमट करायचीस आणि बेंबीभोवती अंगठा असा काही फिरवायचीस की पोर थोड्या वेळात झोपून जायचं. दहातली नऊ पोरं तशीही बरी होणारी असतात, हे मी शिकून आले होते आणि पहिल्याच महिन्यात तुला ऐकवलंही होतं. तू म्हणालीस, "मंग दहावा तू बघ."

मला आज त्या दहाव्याबद्दलच बोलायचं आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. पण तू ऐकत होतीस तेव्हा माझी जीभ उचलली नाही, म्हणून आता हे लिहिणंच.

जनीचा मुलगा नऊ महिन्यांचा होता. दिवाळी होऊन गेलेली, खळ्यांवर भातझोडणी चालू होती. नेमका माझा लसीकरणाचा दिवस, दारात बायकांची रांग. जनी तुझ्या शेजारच्या घरातली, तिच्या कडेवर तो आला. ती म्हणाली, "बाई, मधीच किंचालतो, पाय पोटाशी घेतो, मंग एकदम गप ऱ्हातो. काल ओकला. आज रगात पडला." तिने लंगोट दाखवला. रक्त आणि आव. पोर त्या वेळी अगदी शांत होतं. माझ्या पांढऱ्या साडीकडे टक लावून बघत होतं.

मी त्याच्या पोटाला हात लावला नाही. माझ्या एका हातात सुई होती, मागे पंचवीस-तीस पोरं रडत होती, आणि आव म्हणजे आव, त्यात हात लावून काय बघायचं, असं वाटलं. मी आवेचं औषध दिलं, मीठ-साखरेची पुडी दिली आणि पुढच्या बाईला हाक मारली. रजिस्टरात त्याचं नाव लिहायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर जास्तच झालं. जनीने ते तुझ्याकडे आणलं. तू तेल लावलंस, चोळलंस. दुपारी ते गेलं.

त्यानंतर आरोग्य केंद्रातले डॉक्टर चौकशीला आले आणि मी त्यांच्याबरोबर वाडीवर चढले. तुझ्या अंगणात सगळी वाडी जमली होती. डॉक्टरांनी जनीला एकेक गोष्ट विचारली. मग म्हणाले, "आतडं आतड्यात शिरून अडकलं असणार. लहान पोरांना होतं. लवकर कळून ऑपरेशन झालं असतं तर वाचलं असतं." आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सिस्टर, आधी तुमच्याकडे आणलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

जनी भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तूही पाहिलंस. मला वाटलं, आता बोलतील. नोकरी अजून नवीन होती, आणि मी मनात शब्द जुळवत होते, तिने आणलं असेल पण मला आठवत नाही, गर्दी होती. कुणीच बोललं नाही. मग भीतीने माझी जीभ सैल सुटली. तुझ्याकडे बोट करून मी सगळ्यांसमोर म्हणाले, "किती वेळा सांगितलं, हिच्याकडे नेऊ नका. हिनं चोळलं म्हणून गेलं. हिच्या हातानं मेलं ते पोर."

तू दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवलेस आणि त्यांच्याकडे बघत बसलीस. मी डोंगर उतरले तेव्हाही तू तशीच बसलेली होतीस.

मग ती दोन वर्षं. तुझ्याकडे पोरं आणायची बंद झाली. तू लाकडाच्या मोळ्या घेऊन धसईच्या बाजाराला जाऊ लागलीस. वाट माझ्या दारावरूनच होती, पण तू थांबायची नाहीस. मी खिडकीतून बघायचे, डोक्यावर मोळी, मान ताठ. मला हायसं वाटायचं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटायची. मी स्वतःला समजावलं होतं की चोळणं वाईटच, मी बोलले ते खरंच बोलले. ते खरंही होतं, बुधीबाय. अर्धं खरं होतं म्हणून तर मला इतकी वर्षं त्याच्या आड लपता आलं.

माझी मुलगी स्वाती आठ महिन्यांची झाली तेव्हा शिमगा पंधरा दिवसांवर होता. नवरा उल्हासनगरच्या कारखान्यात, रविवारी यायचा. उपकेंद्रामागच्या खोल्यांमध्ये मी, स्वाती आणि सासूबाई. सकाळी आठच्या सुमाराला ती अंगावर पिता पिता किंचाळली. पाय पोटाशी ओढून घेतले, तोंड पांढरंफटक. मिनिटभराने थांबली आणि हसलीसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "दात येतायत गो, दुसरा काय." पाव तासाने परत तेच. मग परत. मी ओवा चोळून पाहिला, खांद्यावर घेऊन फिरले. नऊ वाजता ती ओकली. साडेनऊला हिरवं ओकली. दहाला लंगोट बदलायला घेतला, तर त्यात शी नव्हतीच. शिजवलेल्या करवंदासारखं लाल, चिकट काहीतरी होतं.

आव, माझ्या मनात आलं. मी कपाटाकडे गेले आणि औषधाची बाटली काढली. तीच बाटली, बुधीबाय. मी झाकणसुद्धा फिरवलं होतं.

तेवढ्यात अंगणात मोळी पडल्याचा आवाज आला. दोन वर्षांनी तू माझ्या दारात उभी होतीस.

"बाई, पोर कवापासून अशी रडतेय?"

"तू जा," मी म्हणाले. "तू तिला हात लावायचा नाहीस."

तू गेली नाहीस. उंबऱ्याबाहेर खाली बसलीस. स्वाती एकदा किंचाळली आणि मग माझ्या खांद्यावर मान टाकून गप्प झाली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, निजली. उगी जीव खातेस स्वतःचा."

"निजली नाय, दमली," तू बाहेरून म्हणालीस. "आता परत रडंल, मंग परत दमंल. जनीचा तसाच करत होता."

त्या दोन वर्षांत ते नाव माझ्यासमोर कुणी काढलं नव्हतं. माझ्या हातातली बाटली मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही. मी येऊन तुझ्या मांडीवर स्वातीला ठेवलं.

सासूबाई तेलाची वाटी आणायला उठल्या. तू म्हणालीस, "तेल नको. आधी कोरडा हात. तेलाच्या हाताला सगला मऊच लागतो." तू हात लुगड्याला पुसलास. तीन बोटं ठेवलीस, दाबली नाहीस, नुसती ठेवलीस आणि डोळे मिटलेस. मला वाटलं आता तू काहीतरी पुटपुटणार, तुझ्या देवाचं नाव घेणार. तू फक्त बोटं सरकवत होतीस, तांदळात खडा शोधावा तशी. उजव्या बरगडीखाली थांबलीस. खाली गेलीस. परत वर आलीस.

"तुझा हात दे." माझी बोटं धरून तू तिथे ठेवलीस. "हितं वर भरलाय. आता हितं खाली बघ. रिकामा."

होतं. कोवळ्या काकडीएवढं, आडवं, टणक. आणि खाली उजवीकडे, जिथे हाताला काहीतरी लागायला हवं, तिथे काहीच नव्हतं.

आता जे सांगते ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी तुझा दंड धरला आणि म्हणाले, "बुधीबाय, चोळ ना गं. हळूच चोळ. सुटेल." मी म्हणाले हे. सगळ्या वाडीसमोर तुझ्याकडे बोट करणारी मी.

तू माझा हात झटकलास. "मी चोलनार नाय. चोलला तर ती मऊ लागंल. तुला वाटंल सुटली. मना बी वाटला होता, जनीच्याची गाठ हाताखाली मऊ झाली, मी जनीला म्हटला, सुटली गो, नीज आता. तवाच ती आत फाटली आसंल." तू स्वातीला उचलून माझ्या हातात दिलंस. "ऊठ. गाडी बघ."

पोरीला घेऊन आपण धसईला पोचलो तेव्हा जीप उभी होती, अर्धी भरलेली. बाजाराचा दिवस, ड्रायव्हर दारात उभा राहून "मुरबाड, मुरबाड" ओरडत होता. मी म्हटलं, पोर आजारी आहे, सोड गाडी. तो म्हणाला, "सोडतो ना मॅडम, दोन-चार शीट येऊं दे." मी विनवण्या करत राहिले. तू मात्र पुढच्या सीटवर चढलीस आणि हॉर्नवर तळहात दाबून धरलास. सगळा बाजार वळून बघायला लागला. ड्रायव्हर धावत आला, "ए म्हातारे, हात काढ!"

"पोर गेली तर वाडीवरचा एक मानूस तुझ्या गाडीत बसनार नाय. मी बसू द्यायची नाय. आता चालव, आनी मुरबाडला थांबू नको, सरल कल्यान."

त्याने गाडी सोडली.

तो रस्ता मला आजही खड्ड्यासकट पाठ आहे. मुरबाडपर्यंत स्वाती दर दहा मिनिटांनी किंचाळत होती. मुरबाड सोडल्यावर अंतर वाढलं. पंधरा मिनिटं ती रडली नाही. वीस मिनिटं झाली. मला धीर आला, मी म्हटलं, "बुधीबाय, उतरलं वाटतं."

तू तिच्या तळपायाला चिमटा काढलास. तिने नुसता ओठ हलवला. "रडना बंद झाला का भ्यायचा," तू म्हणालीस आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर थापट्या मारू लागलीस. मग कल्याणपर्यंत तू दर थोड्या वेळाने चिमटा काढत होतीस आणि मी ती रडावी म्हणून देवाला हात जोडत होते.

कल्याणला सर्जनच्या टेबलावर ठेवल्याबरोबर, अनोळखी हात लागताच, ती उरलीसुरली ताकद लावून रडायला लागली. डॉक्टर पोट दाबून बघत होते. "काही लागत नाही. पोट कडक करतेय." आव असेल, सलाईन लावून संध्याकाळपर्यंत बघू, असं ते म्हणायला लागले. दारात आया तुला बाहेर काढत होती, तुझ्या अनवाणी पायांची धूळ फरशीवर उमटली होती म्हणून. तू चौकट धरून मला हाक मारलीस, "बाई! रडताना पोट दगड आसता. त्याला सांग, दमू दे. दमली का मंग कोरडा हात ठेव म्हनावा."

मी सांगितलं. नर्सच्या भाषेत सांगितलं. डॉक्टर भले माणूस होते, थांबले. दोन मिनिटांनी स्वातीचं रडणं ओसरलं, आणि त्यांनी हात ठेवला. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. मग सगळं भराभर झालं. सोनोग्राफी, कागदावर माझी सही, आणि ते दार बंद.

बाहेरच्या बाकावर आपण दोघी. तू बाकावर बसायला तयार नव्हतीस, खाली फरशीवर बसलीस, मग मीही खाली बसले. बराच वेळ गेला. मी तोंड उघडलं. म्हटलं, "बुधीबाय, जनीचा पोरगा..." तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. "आता नको. आता तुझी आत हाय."

तू त्या वेळी मला बोलू द्यायला हवं होतंस. चिडले आहे ती काही एकाच गोष्टीवर नाही, त्यातली ही एक.

डॉक्टर बाहेर आले ते हसतच. लहान आतडं मोठ्या आतड्यात शिरलं होतं, सदरा काढताना बाही उलटी होऊन आत जाते तसं, असं त्यांनी समजावलं. रंग काळसर पडायला लागला होता, पण आतडं कापावं लागलं नाही. "ओढायचं नसतं," ते दोन्ही हातांनी दाखवत म्हणाले, "ओढलं की फाटतं. पुढच्या टोकाकडून हळूहळू दाबत मागे ढकलायचं." तू त्यांच्या बोटांकडे इतकी निरखून बघत होतीस की त्यांनी तुला परत करून दाखवलं. मग त्यांनी मला विचारलं, "गाठ कुणाच्या लक्षात आली? अजून काही तास गेले असते तर अवघड होतं."

"माझ्या," मी म्हणाले. "मी नर्स आहे."

तू तिथेच होतीस, हातभर अंतरावर. ते "शाब्बास सिस्टर" म्हणाले. तू पदराने तोंड पुसलंस आणि मला विचारलंस, "पोरीला दूध कवा पाजायचा, विचार त्याला."

'नाही' म्हणायला नको होतं तिथे 'नाही' म्हटलं, 'माझ्या' म्हणायला नको होतं तिथे 'माझ्या' म्हटलं. दोन्ही वेळा तू ऐकलंस. पुढे तालुक्याच्या मीटिंगमध्ये मला तो किस्सा उभं राहून सांगायला लावायचे, नव्या नर्सना शिकवायला. मी सांगायचे. आधी रडू ओसरू द्या, मग हात ठेवा, वर भरलेलं लागतं, खाली रिकामं. सगळं तुझंच. तुझं नाव सोडून सगळं.

तू मात्र परत ओट्यावर येऊन बसायला लागलीस. मोळीवरून मला आयुष्यभर टोमणे मारलेस. त्या दिवशी अंगणात टाकलेली तुझी मोळी सासूबाईंनी चुलीत घातली होती. "बाईचा शिमगा माझ्या मोलीवर झाला," असं तू पार सरपंचालाही सांगितलंस. वाड्यांवरची पोरं हळूहळू तुझ्याकडे परत येऊ लागली. तू आधी कोरडा हात ठेवायचीस. साधं पोट असलं की तेलाची वाटी. नाहीतर पोर घेऊन स्वतः डोंगर उतरायचीस आणि दारातून ओरडायचीस, "बाई, हा माझा नाय, तुझा हाय!" अशी पाच-सहा तरी आणलीस. दोघांचं आतडं खरंच अडकलेलं निघालं, दोन्ही वाचली. मी तुला डॉक्टरीणबाई म्हणायचे. दोन पोरांवर थांबा म्हणून मी वाड्यांवर सांगत फिरायचे, तेव्हा तू मागून म्हणायचीस, "हिची एकच हाय, हिला काय इचारता." आपण भांडायचो, हसायचो, आणि रोज मी ठरवायचे की उद्या बोलेन.

गेल्या महिन्यात वाडीवर आले तेव्हा तू खाटेवर होतीस. अन्न जात नाही म्हणालीस. मी हात पुसला आणि तुझ्या पोटावर ठेवला. कोरडा. मला लागलं, बुधीबाय. केवढं तरी मोठं लागलं, वेडंवाकडं, दगडासारखं. ते काल-परवाचं नव्हतं. दर आठवड्याला माझ्या ओट्यावर बसणाऱ्या बाईने ते कितीतरी महिने लुगड्याखाली लपवलं होतं. माझ्या चिडण्यातली ही दुसरी गोष्ट.

"काय लागला?" तू विचारलंस.

"काही नाही. वात आहे."

तू माझ्या तोंडाकडे बघून हसलीस. "हात चांगला झालाय तुझा," म्हणालीस. "खोटा बोलना तेवढा अजून येत नाय."

मला त्या क्षणी सगळं बोलायचं होतं. मी तुझी गोधडी नीट केली आणि मुरबाडला चल, कल्याणला चल, म्हणून भांडले. तू चक्क नाही म्हणालीस. तुझ्या त्या 'नाही'मध्ये खोटं काही नव्हतं.

परवा मीटिंग होती. मी उठून उभी राहिले आणि सांगितलं. जनीचा मुलगा आधी माझ्याकडे आला होता, मी हात लावला नव्हता, मी खोटं बोलले. माझ्या मुलीची गाठ बुधीबाईंच्या हाताला लागली. डॉक्टर नवे आहेत, त्यांना ना जनी माहीत ना तू. ते म्हणाले, "बरंच जुनं आहे ना सिस्टर? बसा बसा." कुणी काही लिहून घेतलं नाही. मला काही शिक्षा व्हावी, निदान कुणीतरी चार शब्द ऐकवावेत, म्हणून मी उभीच राहिले. मग बसले. घरी येऊन स्वातीला सांगितलं. ती आता शाळेत जाते, पोटावरची ती आडवी खूण कुणी विचारली की ऐटीत सांगते, आईने ओळखलं म्हणून वाचले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती ओट्यावर येऊन बसायची तेव्हा तू मला का नाही सांगितलंस?"

पण तुला सांगायची गोष्ट याच्या आधीची, तुझ्या मातीच्या दिवशीची आहे.

तुला माती देऊन पुरुष वर आले. आम्ही बायका ओढ्यावर थांबलो होतो. सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. जनी माझ्या शेजारी होती, थोरल्या लेकीचं पोर तिच्या कडेवर. बाकीच्या पुढे गेल्या आणि मी तिला थांबवलं. म्हटलं, "जनी, तुझा पोरगा आधी माझ्याकडे आला होता. मी त्याच्या पोटाला हात लावला नाही. आणि डॉक्टरांना नाही म्हणाले."

ती माझ्याकडे नवल केल्यासारखी बघायला लागली. "मीच तर आनला होता बाई. मी इसरंन काय?"

"मग बोलली का नाहीस? त्या दिवशी सगळ्यांसमोर?"

"बुधीबायनं बोलू दिला नाय. आंगनात डोल्यानंच गप केली. सांजच्याला मी तुझ्याकडं खाली यायला निघाली होती, कोयता घेऊन निघाली होती. तिनं मना दारात धरली. म्हनली, माझा नाव गेला तर जाऊं दे, मी लाकडा इकून खाईन. हिला घालवली तर पोरांना सुई कोन देईल? दुसरी येतेय का हितं? चुकली हाय, आता शिकंल."

तू मला हे कधीच का सांगितलं नाहीस? इतकी वर्षं माझ्या ओट्यावर बसून माझाच चहा प्यालीस, मोळीवरून बोललीस, आणि हे एक वाक्य बोलली नाहीस. मला वाटत होतं मी तुझ्यापासून लपवते आहे. तू मला पाठीशी घालून बसली होतीस, आणि मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीस.

मी तिथेच ओढ्याकाठी खाली बसले आणि रडले. जनी उभी राहिली. मग तिच्या कडेवरचं पोर कुरकुरायला लागलं, दोन दिवस असंच करतंय, दूध टाकतंय, ती म्हणाली. क्षणभर थांबली. मग तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"बघ," ती म्हणाली.

माझे हात ओढ्याच्या पाण्याने ओले होते. पदरही ओला होता. जनीने स्वतःच्या पोलक्याला हात लावून पाहिला, तोही ओला. मग पोराच्या अंगावरची कोरडी गोधडी तिने पुढे केली. मी एकेक बोट पुसलं. पोर रडत होतं ते ओसरेपर्यंत थांबले. मग हात ठेवला. वर बघितलं, खाली बघितलं, परत वर आले.

पोट मऊ होतं, बुधीबाय. खालीही भरलेलं होतं. मी जनीच्या डोळ्यात बघून म्हणाले, "काही नाही." आणि ते खरं होतं.